धर्माशेठचे पांढरे दरवाजे

गेल्या महिन्यात स्वयंपाकघराच्या दारावर रंगाचा एक हात मारून घ्यावा म्हणून डोंबिवलीत रंगाच्या दुकानात गेले. पांढरा हवा म्हटल्यावर काउंटरवरच्या माणसाने मी कुठे राहते ते विचारलं, आणि सांगितल्यावर हातातलं शेड कार्ड परत खणात टाकलं. "म्हणजे धर्माशेठच्या शेजारच्या तुम्ही. मग कार्ड बघून काय करणार? तुम्हाला पाण्यात कालवायचाच लागणार आणि तोही प्लायवर लावून बघूनच." मी काही बोलायच्या आत त्याने प्लायचा तुकडा काढून त्यावर दोन-तीन पांढरे पट्टे ओढले. धर्माशेठ गेले त्याला वर्ष उलटून गेलं, तरी हा माणूस अजून त्यांच्या धाकात होता. मला हसू आलं.

डोंबिवली संपून दिवा सुरू व्हायच्या मधल्या पट्ट्यात जी नवी वस्ती झाली आहे, तिथे आम्ही राहतो. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी धर्माशेठचं भाताचं शेत होतं. जमीन बिल्डरला दिली, त्या बदल्यात फ्लॅट आले, पैसे आले, आणि त्यातून त्यांनी आमच्या समोरच आपला बंगला बांधला. बाहेरून बंगला जांभळा, गॅलऱ्यांचे कठडे नारिंगी, फाटकावर प्लास्टरचे दोन सिंह. माझा नवरा सुहास पहिल्या दिवशी खिडकीतून बघून म्हणाला, "आता रोज सकाळी हे बघत चहा प्यायचा?" आम्ही ठाण्याच्या दोन खोल्यांतून आलेली नोकरदार माणसं, आपल्याला रंगसंगती कळते असा आमचा समज. आम्हाला हसायला तो बंगला पुरेसा होता. पण आत पाऊल टाकलं की माणूस गप्प होई. दारं पांढरी, चौकटी पांढऱ्या, खिडक्यांच्या पट्ट्या, जिन्याचा कठडा, सगळं पांढरं, आणि तेसुद्धा आज सकाळी रंगवल्यासारखं. मी एकदा त्यांना विचारलं होतं, बाहेर असं आणि आत असं का.

"भायरचा लोकांसाटी," ते म्हणाले. "आतला माझा."

धर्माशेठ उंच, काळे, काटक. पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, आणि डोळे कायम बारीक केलेले. नवख्याला वाटायचं, हा माणूस आपल्यावर संशय घेतोय. ते डोळे मिठागरावर तसे झाले होते. लहानपणापासून लग्न होईपर्यंत ते वडिलांबरोबर खाडीवरच्या मिठागरात राबले, भर उन्हात मिठाच्या राशींकडे बघत. मिठाचा पांढरा किती तऱ्हेचा असतो हे ते रंगात आले की सांगत: तळाचं मीठ मातकट, वरचं निळसर, पावसाचा थेंब पडलेलं फिकट आणि मेलेलं. त्यांच्या वडिलांच्या झोपडीला दार नव्हतं, गोणपाट होतं. स्वतःच्या लग्नाच्या वर्षी त्यांनी पहिलं लाकडी दार बसवलं आणि हौसेने पांढरं रंगवलं. चुलीच्या धुराने ते दिवाळीपर्यंत पिवळं झालं. ती चुटपुट त्यांना जन्मभर पुरली. पैसे आल्यावर लोक गाड्या घेतात, धर्माशेठनी पांढऱ्याचा पिच्छा पुरवला.

त्यांची आमची ओळख झाली तीही अशीच. आमच्या फ्लॅटचं काम चाललं होतं आणि मिस्त्री दारांना पांढरा ऑइल पेंट लावायच्या तयारीत होता. धर्माशेठ सरळ आत आले, कोण काय विचारेपर्यंत त्यांनी बेडरूमचं दार लावून घेतलं आणि दाराची मागची बाजू बघत उभे राहिले. सुहास घाबरला. त्याला वाटलं, जागामालकाला काही गुप्त बोलायचंय.

"यो तेलाचा नको," ते म्हणाले. "तेलाचा कालोखान पिवला परतो."

"उन्हाने पडतो ना पिवळा?" सुहास म्हणाला.

"सगल्यांना असाच वाटतं. तू दरवाजा दिवसभर उगरा ठेवशील, त्याची मागची बाजू भिंतीला लागल. तिकरं उजेड नाय. तीच पयली पिवली व्हईल, बग तू."

मिस्त्रीने तेवढ्यात डब्यात निळीचा थेंब सोडला. पांढरा उजळ दिसावा म्हणून जुने रंगारी तसं करतात. धर्माशेठनी त्याचा हात धरला. "नील टाकून पोरीला बगायला आलेल्यांना फसव, मना नको फसवू. आज पांढरा दिसल. उद्या खालचा पिवला वर आला का त्या निलीत मिसलून हिरवा." मिस्त्री हसला, मग त्यांच्याकडे बघून हसायचा थांबला. शेवटी आमच्या दारांना पाण्यात कालवायचा इनॅमल लागला, जुना प्रायमर घासून काढून नवा लागला, आणि दोन हातांमध्ये किती थांबायचं हेही त्यांनीच ठरवलं. आम्हाला कोणी काही विचारलं नाही. रंग आमच्या दारांना लागत होता आणि चिंता त्यांना पडली होती.

ही विद्या त्यांना कुठल्या पुस्तकातून मिळाली नव्हती आणि कुठल्या रंगाऱ्याने शिकवलीही नव्हती. बंगला बांधताना त्यांनी बाजारात मिळेल तो प्रत्येक पांढरा आणून प्लायच्या तुकड्यांवर लावला आणि ते तुकडे घरभर ठेवले. एक माळ्यावर, एक देवाजवळ उदबत्तीच्या धुरात, एक गॅसच्या वर, एक गच्चीत. मग वर्षभर घर बिनरंगाचं ठेवलं. पाहुणे आले की कच्च्या चौकटींकडे बघत, आणि त्यांच्या बायकोला, जनाबायला, उत्तर द्यावं लागे. जनाबाय मला सांगत होत्या, "मी भाजी फोरनीला टाकली का यो येऊन वर बगनार, भाजीला नाय, फलकुटाला." वर्षाने तुकडे खाली काढले. माळ्यावरचा तेलाचा सगळ्यांत पिवळा, गच्चीतला त्याच डब्यातला बराच पांढरा. पाण्याचे मात्र सगळीकडे एकसारखे. तोवर खालच्या मजल्याच्या सामानात तेलाच्या रंगाचे डबे आधीच आणून पडले होते. ते वाया कसे घालवायचे म्हणून वरच्या मजल्यावरच्या एका खोलीला आतून तो रंग लावला. ती खोली त्यांच्या मुलीची, दर्शनाची. तिच्या खोलीला दोन मोठ्या खिडक्या, भरपूर उजेड, काही होणार नाही असा त्यांचा हिशेब होता.

त्या वस्तीत कोणाचंही घर रंगायला निघालं की धर्माशेठना बोलावणं जाई, आणि नाही गेलं तरी ते येत. कल्याणच्या एका दुकानात मी त्यांच्याबरोबर गेले होते. दुकानदाराने पांढऱ्याच्या छटांचं कार्ड उघडलं. मोती, हस्तिदंत, चांदणं, काय काय नावं. धर्माशेठनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि खडे मिठाची चिमूट कार्डावर ठेवली. एकेका छटेवरून मीठ सरकवत गेले. दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली. एका छटेवर मीठ दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी मान हलवली.

"काका, मीठ पण पिवळं पडतं," दुकानदार वैतागून म्हणाला.

"परतं. म्हनून दर वेलेला नवा आनतो," धर्माशेठ शांतपणे म्हणाले आणि पुडी बांधून खिशात ठेवली.

या वेडाची मजा वाटायची तोवर ठीक होतं. त्यातून जे झालं ते मात्र मजेचं नव्हतं, आणि ते सांगितल्याशिवाय धर्माशेठ पुरे होत नाहीत.

दर्शना बी.कॉम. होऊन वागळे इस्टेटमध्ये एका ऑफिसात हिशेब बघत होती. हसरी, तोंडाळ, बापाचे बारीक डोळे घेतलेली. तिच्यासाठी खडवलीच्या एका घरचं स्थळ आलं. धर्माशेठ आणि जनाबाय बघायला गेले. तिथे चहापाणी झालं, मुलगा समोर येऊन बसला, त्याच्या नोकरीचं बोलणं झालं. धर्माशेठचं लक्ष नव्हतं. ते उठले, आतल्या खोलीचं दार लावून मागून बघितलं, दुसऱ्या खोलीचं बघितलं, मोरीचंही बघितलं. घर जुनं होतं, पण दारं मागूनसुद्धा पांढरी. त्या घरच्या म्हाताऱ्याने दर दोन वर्षांनी स्वतः रंग लावला होता. निघता निघता धर्माशेठनी तिथल्या तिथे होकार देऊन टाकला.

"पोराचा नाव काय?" जनाबायनी गाडीत विचारलं.

धर्माशेठना आठवेना. "घर चांगला हाय," ते म्हणाले. "जी मानसा दरवाज्याची मागची बाजू सांबालतात, ती पोरीला पन सांबालतील."

हे जनाबाय मला नंतर सांगत तेव्हा हसत आणि डोळेही पुसत. कारण दर्शनाला कोणी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, की तिच्या ऑफिसच्या शेजारच्या वर्कशॉपमध्ये काम करणारा अमोल नावाचा मुलगा आहे, तो आपल्या समाजातला नाही, आणि त्याच्याशीच लग्न करायचं तिने ठरवलंय. होकार गेल्याचं कळलं त्या रात्री ती बोलली. बाप ऐकून उठून गेला. पुढच्याच महिन्यात तिने रजिस्टर लग्न केलं आणि दिव्याला भाड्याच्या खोलीत राहायला गेली. खडवलीच्या माणसांकडे जाऊन धर्माशेठनी खाली मान घालून माफी मागितली. परत आले आणि वरच्या खोलीच्या खिडक्या लावल्या, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या कमरेच्या जुडग्यात घातली.

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. तुम्ही दारं बघून सोयरीक करता आणि रागावता पोरीवर? मी एकदा गच्चीत वाळवण घालताना हे त्यांना स्पष्ट बोलले.

"पोरगा कुठला का असंना, बाय," मग ते म्हणाले. "आमच्यात पोरीची हलद म्हंजे अख्खा गाव जेवतो. मी सगल्यांच्या हलदीला जेवलोय. तिची हलद मना करता नाय आली. चोरासारखी सही करून गेली पोर."

आमच्या वस्तीतल्या या जुन्या गावात लग्नापेक्षा हळदीचा थाट मोठा. मांडव, जेवणावळी, बँड, आणि धवले गाणाऱ्या बायका, ज्यांच्याशिवाय हळद लागत नाही. लग्न एक वेळ साध्यात होईल, हळद होणार नाही. धर्माशेठ ज्या अपमानाने जळत होते तो जातीचा असेल असं आम्ही सुशिक्षित माणसं समजत होतो. तोही थोडा असेल, नाही म्हणत नाही. पण पोरीच्या अंगाला हळद लागलेली बघायची राहिली, हे दुःख मोठं होतं, आणि ते रागासारखं दिसत होतं.

खोली बंदच राहिली. बाकी घर त्यांनी मधे एकदा नव्याने रंगवलं, त्या दाराला बाहेरून रंग दिला, आतून नाही. जनाबाय अधूनमधून दिव्याला जाऊन येत. कुठे जातात ते त्या सांगत नसत, आणि धर्माशेठ विचारत नसत. जाताना पिशवीत काय नेतात, दोन नारळ की सुके बोंबील, एवढं मात्र ते बघत. एकदा पिशवी भरताना ते स्वतःच म्हणाले म्हणे, "पानी पन ने. तिकरं पान्याची बोंब हाय." जनाबायनी पाण्याचा कॅनही नेला.

आणि गंमत अशी, की या काळातही ते लोकांच्या घरी जाऊन तेच सांगत होते. खोली बंद ठेवू नका. खिडकी उघडा. उजेड मिळाला नाही तर रंग बिघडतो. लोक ऐकून घेत आणि ते गेल्यावर एकमेकांकडे बघत. तोंडावर कोणी बोललं नाही. आम्हीही नाही.

बोलला तो त्यांचा धाकटा मुलगा, निखिल. त्याचं लग्न ठरलं, हळदीची तारीख ठरली, मांडववाला येऊन माप घेऊन गेला. संध्याकाळी ओट्यावर सगळे बसले होते, मीही होते. करवली कोण, असं कोणीतरी विचारलं. करवली म्हणजे नवरदेवाची बहीण, हळदीला तिचा मान. चुलत बहिणींची नावं निघाली.

"ताई नाय तर हळद नाय," निखिल म्हणाला. "मी पण सही करून येतो मग. सोपं काम."

धर्माशेठ उठून आत गेले. जनाबाय मागून शांतपणे म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा: "गावाला सांगतो दरवाजा उगरा ठेवा. आपला कशाला बंद ठेवलाय ते एकदा सांग म्हना."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात उभे होते. हातात लग्नाची पत्रिका, अक्षतांची पुडी. "बाय, दिव्याला चल माझ्याबरोबर. जनी येत नाय. बोलते, तुझा तू जा." मी ऑफिसला सुट्टी टाकली.

रिक्षात ते पत्रिका मांडीवर धरून बसले. दिव्याला एकाला एक चिकटून उभ्या राहिलेल्या इमारती, जिन्यात प्रत्येक मजल्यावर पाण्याचे निळे पिंप. दर्शनाने दार उघडलं. वाळली होती. बापाला बघून तिने ओढणी सारखी केली आणि बाजूला झाली.

आम्ही आत गेलो. धर्माशेठनी सवयीने दार लावून घेतलं आणि मागे बघितलं. दार भाड्याच्या घराचं, कसल्याशा तपकिरी रंगाचं. मागे खिळ्यांना दोघांचे कपडे टांगलेले, तिचा ऑफिसचा ड्रेस आणि अमोलचा वर्कशॉपचा निळा शर्ट, एकाच हँगरला. मी वाट बघत होते ते काय बोलतात याची. ते रंगाबद्दल काही बोलले नाहीत. तो शर्ट किंचित सरळ करून खाटेच्या कडेला बसले.

"पाणी?" दर्शनाने विचारलं.

"अर्धाच दे."

तिने अर्धा ग्लास दिला. तो त्यांनी घोट घोट करत संपवला. मग पत्रिका आणि अक्षता तिच्या हातात दिल्या. "रविवारी हलद हाय निखिलची. करवली पायजे."

तिने पत्रिकेकडे बघितलं नाही. "अमोलला सोडून मी येणार नाही, बाबा."

"वाच तरी. दोगांची नावा हायत."

तिने पाकीट उलटं करून वाचलं. वाचून झाल्यावरही पाकिटाकडेच बघत राहिली. "बघते," ती म्हणाली. होही नाही, नाहीही नाही. एवढ्या वर्षांनी आलेला बाप आणि त्याला ही एवढीच भीक. पण तिचंही चुकीचं नव्हतं. तिला कोणी विचारलं नव्हतं, तेव्हा आता विचारायला आलेल्याने उत्तरासाठी थांबावं, इतका तिचा हक्क होता. परतताना रिक्षात धर्माशेठ एवढंच म्हणाले, "दमलेली वाटते."

मग त्यांनी जे केलं ते बघून गावाला हसावं की रडावं कळेना. हळद तोंडावर आली असताना त्यांनी घराच्या सगळ्या दारांना नवा पांढरा हात द्यायला काढला. हळदीच्या घरात. जिथे दोन दिवस प्रत्येकाचा हात, प्रत्येकाचं मनगट, भिंती, फरशी, कुत्रीमांजरंसुद्धा पिवळी होतात. "शेठला काय झालंय?" लोक मला विचारत. सुहास म्हणाला, "त्यांना काहीतरी करायला हवंय, आणि दुसरं त्यांना येत नाही." सुहास फार कमी वेळा बरोबर असतो, पण तेव्हा होता. रंग वाळल्यावर धर्माशेठनी एकेका दाराला प्लास्टिकचा कागद गुंडाळून चिकटपट्टी मारली. घर नव्याने दुकानातून आणल्यासारखं दिसत होतं. वरच्या खोलीच्या दारालाही त्यांनी बाहेरून रंग दिला, पण त्याला कागद गुंडाळला नाही. कुलूपही काढलं. दार नुसतं लोटून ठेवलं.

रविवारी मांडव गच्च भरला. ढोल, धवलारणींची गाणी, पाटावर बसलेला निखिल. करवलीची जागा रिकामी. जनाबाय दर थोड्या वेळाने फाटकाकडे बघत होत्या. धर्माशेठ बघत नव्हते. ते पंगतीत वाढप कसं चाललंय ते बघत होते, आणि भाताच्या टोपाजवळ विनाकारण तीनदा जाऊन आले. मुहूर्त होत आला तेव्हा एका चुलत बहिणीने करवलीचा पाण्याचा करा हातात घेतला. निखिलने तिच्याकडे बघितलं आणि तो पाटावरून उठायला लागला.

तेव्हा दर्शना आली. हिरवी साडी, मागे अमोल, हातात मिठाईचा पुडा, कुठे ठेवावा हे न कळून. एका म्हाताऱ्या धवलारणीने गाण्यात मधेच तिचं नाव घातलं आणि पुढे गायला लागली. दर्शनाने करा घेतला, भावाला हळद लावली, आणि मग बायकांनी तिलाच धरलं. हिला लागायची राहिलीय, हिला लावा. तोंडाला, मानेला, कोपरापर्यंत हातांना. ती हसत होती, नको नको म्हणत होती, आणि रडत होती. धर्माशेठ मांडवाच्या खांबाला टेकून हे सगळं बघत उभे होते. मी त्यांना इतके डोळे उघडे ठेवून काही बघताना कधी पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळाने दर्शना हात धुवायला वर निघाली. खालची मोरी बायकांनी भरली होती. मी तिच्यामागे साबण घेऊन जिना चढले. धर्माशेठ आधीच वर उभे होते, तिच्या खोलीसमोर. ती दाराशी येऊन थांबली. या घरात वाढलेली मुलं दाराला हात लावत नाहीत, कोपराने ढकलतात, आणि तिचे तर कोपरसुद्धा पिवळे होते. तिने दोन्ही हात हवेत धरले आणि बापाकडे बघितलं.

"उघडा ना बाबा. माझे हात भरलेत."

ते हलले नाहीत. "तूच उगर," ते म्हणाले.

"डाग पडेल."

"पडू दे. हातान उगर."

मग दोन्ही तळवे त्या नव्या पांढऱ्या दारावर टेकून तिने ढकललं. दार आत गेलं. आत कोंदट अंधार होता, आणि दाराच्या मागची बाजू जुन्या कागदासारखी पिवळी झाली होती. तिने जाऊन खिडक्या उघडल्या.

यानंतर काही महिन्यांतच धर्माशेठ गेले, झोपेत, फारसा त्रास न होता. हळदीनंतरच्या त्या महिन्यांत ते मला दिसत होते, बोलत होते, एकदा आमच्या दाराची मागची बाजूही बघून गेले. पण आठवतात ते त्या जिन्यावरचे. खालून जनाबाय सवयीने ओलं फडकं घेऊन धापा टाकत वर आल्या होत्या. दारावरचे ते दोन पिवळे हात बघून त्या पुसायला पुढे झाल्या. धर्माशेठनी त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि स्वतःच्या खांद्यावर टाकलं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पोरीची हलद हाय."